‘सांगता येत नाही’ हा रकाना आधी आखा

जांबोटी भागातल्या एका हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंनी विचारलं आहे: एका संशोधकाने त्यांच्या नववीच्या वर्गाला हार्डडिस्क दिली आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या काजूच्या बागा आणि भातशेतीच्या कडेला, शेतकऱ्यांना विचारून लावलेल्या आठ ट्रॅप कॅमेऱ्यांचे (समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे) साडेअकरा हजार फोटो तिच्यात आहेत. कोणत्या फोटोत कोणता प्राणी आहे, ते मुलांनी लिहायचं आहे. बाईंचे प्रश्न असे. मुलांनी केलेल्या ओळखीला संशोधनात काही किंमत असते का? मला स्वतःलाच उदमांजर आणि जवादी मांजर यातला फरक कळत नाही, तर मी तपासू कशी? निम्म्याहून जास्त फोटोंत काहीच नाही, ते काढून टाकू का? आणि सोबत जोडलेल्या एका फोटोवरून वर्गात भांडण लागलंय, त्यात वाघ आहे का?

बाई, वाघाचं उत्तर शेवटी देतो. आधी दिलं तर बाकीचं कुणी वाचणार नाही, हे अठरा वर्षांच्या अनुभवाने सांगतो. एवढी वर्षं मी हेच करत आलोय: कॅमेरे बांधायचे, कार्डं काढायची, फोटो बघत बसायचं. त्यातलं रानात जाणं दहा टक्के, खुर्चीत बसून डोळे फोडणं नव्वद टक्के.

किंमत असते, आणि चांगली असते. टांझानियातल्या सेरेंगेटीत संशोधकांनी २२५ कॅमेरे लावले, आणि फोटो इतके साठले की त्यांच्या आवाक्यात राहिले नाहीत. मग २०१२ च्या डिसेंबरात ते इंटरनेटवर ज्याला हवं त्याला बघायला दिले. कधी आफ्रिका न पाहिलेल्या माणसांनी घरबसल्या प्राणी ओळखले. पुढे तज्ज्ञांच्या उत्तरांशी ताडून पाहिलं तर प्राण्याची ओळख जवळपास ९७ टक्के वेळा जुळली. यातली मेख लक्षात घ्या. हे ९७ टक्के एकेका माणसाचे नव्हते. एकच फोटो अनेकांना वेगवेगळा दाखवून बहुमत काढलं होतं, त्याचे होते. शिवाय जे प्राणी रोज दिसतात तिथे लोक फारसे चुकत नव्हते. चुका साठल्या होत्या त्या दुर्मीळ प्राण्यांच्या नावावर. म्हणजे जो प्राणी सापडावा असं सगळ्यांना वाटतं, नेमका त्याच्याच नावावर.

तुमच्या वर्गातही तेच होणार. मुलं अज्ञानामुळे जितकी चुकतात त्याच्या दुप्पट हौसेपोटी चुकतात. म्हणून पहिल्या दिवशी त्यांना प्राण्यांचे तक्ते दाखवू नका, एक हिशेब घाला. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो आले ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३. त्यात वाघांचे किती? ७६,६५१. बिबट्यांचे ५१,७७७. फळ्यावर भागाकार करायला लावा. वाघ आणि बिबट्या दोन्ही मिळून हजार फोटोंमागे चारसुद्धा येत नाहीत, आणि हे कॅमेरे मुद्दाम वाघांच्या वाटांवर लावलेले होते. तुमचे तर काजूच्या बागेच्या कुंपणाशी आहेत. मुलांची तोंडं पडतील, पडू देत. त्यानंतर पुढचे सहा आठवडे ती रानडुक्कर बघायला तयार होतील.

मग वही आखताना ‘प्राण्याचं नाव’ या रकान्याच्या आधी दोन रकाने आखा. पहिला ‘काय दिसतं’, दुसरा ‘सांगता येत नाही’. ‘काय दिसतं’मध्ये नाव लिहायचं नाही. चार पाय, शेपूट लांब, शेपटीवर कडी, कान गोल, पाठ वाकलेली, असं जे डोळ्यांना दिसतं तेवढंच. हे लिहिल्याशिवाय पुढच्या रकान्यात जायचं नाही. आणि ‘सांगता येत नाही’ला खूण केली तर गुण कमी होत नाहीत, हे त्यांना दहा वेळा सांगावं लागेल. आपल्या शाळांत उत्तर येत नाही म्हटलं की उभं करतात. आठ वर्षं ती सवय लागलेली असते, एका तासात जात नाही. माझ्याकडे एका कॉलेजची पोरं आली होती, त्यांच्या पहिल्या दोन हजार फोटोंत ‘सांगता येत नाही’ची खूण फक्त चार ठिकाणी होती. मी तेच फोटो पाहिले तेव्हा मला स्वतःला दीडशेच्या वर ओळखता आले नाहीत. शेपटीचं टोक, धुक्यातली पाठ, भिंगाला नाक लावलेलं काहीतरी. पोरांनी सगळ्यांना नावं दिली होती.

चुकीचं नाव आणि नाव न देणं यांत नुकसान सारखं नसतं. एखादा प्राणी होता आणि आपल्याला ओळखता आला नाही, हे गृहीत धरून आकडेमोड करायच्या पद्धती संशोधकांकडे आहेत. तोच प्राणी पुढच्या रात्री परत येईल, दुसऱ्या कॅमेऱ्यात येईल. पण जो प्राणी नव्हताच तो ‘होता’ म्हणून नोंदला, तर अख्ख्या नकाशावर एक ठिपका उगाच उमटतो, आणि तो पुसायला कुणी येत नाही. शेतकऱ्याच्या नावासकट ‘वाघ’ म्हणून गावात पसरलं तर काय होईल ते तुम्हाला मी काय सांगू. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फच्या मैदानात बिबट्या शिरला होता, शाळा बंद ठेवल्या होत्या, शोधायला हत्ती आणले होते. तो तरी खरा बिबट्या होता. त्या महिन्यात माझ्या फोनवर ‘हाच तो’ म्हणून जे फोटो आले, त्यांत एक रानमांजर, दोन कुत्री आणि एक पोतं होतं.

आता तपासणी. तुम्हाला उदमांजर ओळखता येत नाही, याने फारसं अडत नाही. तपासणारा सर्वज्ञ लागत नाही, पद्धत लागते. प्रत्येक फोटो दोन मुलांनी बघायचा, पण शेजारी बसून नव्हे. एकाने सोमवारी, दुसऱ्याने बुधवारी, आणि पहिल्याची वही दुसऱ्याने बघायची नाही. वर्गातला हुशार मुलगा कोण हे सगळ्यांना माहीत असतं. तो ‘सांबर’ म्हणाला की मागची तिघं ‘सांबर’ लिहून मोकळी होतात, आणि मग तुमच्याकडे चार मतं दिसतात पण असतं एकच. दोघांचं जुळलं तर नोंद पक्की. जुळलं नाही तर तिसऱ्याकडे. तिथेही फाटाफूट झाली तर तो फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तेवढेच फोटो संशोधकाकडे. साडेअकरा हजारांतले तीनशे-चारशे उरतील, तेवढे तो एका संध्याकाळी बघून टाकेल.

याला एक जोड द्या. संशोधकाकडून आधीच पक्के ओळखलेले पन्नासेक फोटो मागून घ्या आणि मुलांना न सांगता त्यांच्या वाट्याच्या फोटोंत मिसळा. शेवटी फक्त तेवढ्यांची उत्तरं तपासा. कोण किती चुकलं यापेक्षा कशाला काय म्हटलं गेलं ते लिहून काढा: आडव्या ओळीत खरा प्राणी, उभ्या ओळीत मुलांनी दिलेलं नाव. हा तक्ता बघितला की वर्गाची खोड कळते. भेकराची मादी दिसली की मुलं सांबराचं पिल्लू म्हणतात, हे एकदा कळलं की त्या जोडीवर एक तास घेतला की झालं. बाकी शिकवायची गरज नसते.

नावांचा घोळ मात्र आपल्या भागात जास्तच आहे. संशोधक पुण्या-बेंगळुरूचा असला तर त्याच्या हे ध्यानातही येत नाही. तुमच्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं असतील, कोकणी बोलणारी असतील, कन्नड शाळेतून आलेलं एखादं असेल. वनखात्याचा गार्ड कन्नडमध्ये नोंदी करतो. एकदा आमच्या वहीत एका मुलाने नावाच्या रकान्यात ‘करडी’ लिहिलेलं होतं. मला वाटलं, नाव सुचलं नाही म्हणून रंग लिहिलाय. फोटो उघडून बघतो तर अस्वल! कन्नडमध्ये करडी म्हणजे अस्वल. पोरगं बरोबर होतं, मी चूक. तसंच ‘कडवे’ म्हणजे सांबर, ‘काडुकोण’ म्हणजे गवा, ‘सीळुनायी’ म्हणजे आपला कोळसुंदा, रानकुत्रा. मराठीतही सगळं आलबेल नाही. उदमांजराला कुणी कांडेचोर म्हणतं, पिसोरीला, म्हणजे त्या इवल्याशा हरणासारख्या प्राण्याला, कुणी गेळा म्हणतं. कोल्हा म्हटलं तर नेमका कोणता, ते गावागणिक बदलतं. म्हणून नावं घेऊ नका, आकडे घ्या. भिंतीवर एक मोठा कागद लावा, १ गवा, २ सांबर, ३ भेकर, असं. समोर मुलांच्या घरातली सगळी नावं लिहा, आजीने सांगितलेलीसुद्धा. वहीत फक्त आकडा. हा कागद तयार करायला दोन तास जातील. त्यातून जे निघतं ते मला एखाद्या शोधनिबंधापेक्षा जास्त आवडतं, पण ते असो.

आता प्रत्यक्ष ओळखीबद्दल. सगळे प्राणी सांगत बसत नाही. मोर, साळिंदर, वानर कुणीही ओळखतं. गाडी अडते ती ठराविक जोड्यांपाशी.

गवा आणि म्हैस. हे ऐकून शहरातली माणसं हसतात. रात्री दोन वाजता काळ्या-पांढऱ्या फोटोत नुसती मागची बाजू आली की हसू बंद होतं. आपल्याकडे गवळ्यांच्या म्हशी रानात चरतात, चुकलेल्या रात्रीही हिंडतात. पुस्तकात लिहितात की गव्याच्या पायांत पांढरे मोजे असतात. असतात, खरंच. पण काही गावठी म्हशींचे पायही खाली फिकट दिसतात, आणि भातखाचरातून आलेल्या कुठल्याही जनावराला चिखलाचे मोजे असतातच. त्यामुळे पायांवर थांबू नका, पाठ बघा. गव्याच्या मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा जातो आणि तिथे एकदम खाली उतरतो, पायरी असल्यासारखा. म्हशीची पाठ तशी नसते. शिंगं दिसत असतील तर काम सोपं. गव्याची शिंगं बाजूला निघून वर वळतात, बुडाशी फिकट आणि टोकाला काळी. दोन शिंगांच्या मध्ये कपाळावर उंचवटा असतो. म्हशीची शिंगं मागे जातात. गळ्यात दावं किंवा घंटा दिसली तर मग काय, प्रश्नच मिटला. मुलांना आधी दाव्याकडे बघायला शिकवा. तुमच्या वर्गातल्या निम्म्या घरांत गुरं असतील, या एका बाबतीत ती माझ्यापेक्षा तयार आहेत.

उदमांजर आणि जवादी. शेपूट बघा. जवादीच्या शेपटीवर कडी असतात, एकाआड एक काळी-पांढरी, आणि अंगावर ठिपक्यांच्या ओळी. उदमांजराची शेपूट कड्यांशिवाय, गडद, आणि तोंडावर मुखवटा घातल्यासारखे डाग. शेपूट फोटोत नसेल तर ‘सांगता येत नाही’, पुढचा फोटो. सह्याद्रीत यांचा तिसरा भाऊबंद आहे, तपकिरी उदमांजर, जो पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही. अंगावर ना ठिपके ना पट्टे, नुसतं तपकिरी. रात्रीच्या फोटोत तो आणि साधं उदमांजर यांत माझीही गल्लत होते. मुलांनी तिथे ‘उदमांजरांपैकी’ एवढंच लिहिलं तरी ती नोंद खोटी ठरत नाही.

रात्रीच्या फोटोंवर एक गोष्ट मुलांना दाखवून सांगा. रात्रीचा कॅमेरा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडात फोटो घेतो. त्यात रंग खोटे असतात. तुमची काळी ओढणी घेऊन अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यापुढे उभ्या राहा. ती पांढरट दिसण्याची बरीच शक्यता आहे, कापडाच्या रंगावर अवलंबून आहे. वर्गाला हे एवढं भावतं की दिवसभर पोरं स्वेटर आणून बघत बसतात. याचा रानातला परिणाम गमतीचा आहे. काळा बिबट्या, ज्याला आपण ब्लॅक पँथर म्हणतो, तो दिवसाच्या फोटोत काळाकुट्ट येतो. तोच रात्रीच्या अवरक्त फोटोत आला तर त्याच्या काळ्या केसांत दडलेले ठिपके उमटतात आणि तो साध्या बिबट्यासारखा वाटू शकतो. मलेशियात तर संशोधकांनी याचाच फायदा घेतला, कॅमेऱ्यांना दिवसाही अवरक्त फोटो घ्यायला लावून एकेक काळा बिबट्या ठिपक्यांवरून ओळखला. दांडेली-अणशीच्या बाजूला काळे बिबटे आहेत, आपलं रान त्याला लागून आहे. तेव्हा रात्रीच्या फोटोवरून कुणी ‘साधा बिबट्या’ असं ठासून लिहिलं तर ‘साधा’ खोडा, ‘बिबट्या’ राहू द्या.

आकार हा सगळ्यांत फसवा. फोटोत मोजपट्टी नसते. हातभर अंतरावरून गेलेलं मांजर अख्खी चौकट भरतं आणि वर्गात ओरड होते. यावर उपाय कार्ड बदलायच्या वेळी करायचा असतो. चार फुटी काठीवर दर दहा सेंटिमीटरला पांढऱ्या रंगाची खूण करायची, आणि कॅमेऱ्यापासून एक, दोन, तीन, चार मीटरवर ती उभी धरून फोटो काढून घ्यायचे. मग शंका आली की काठीचा फोटो आणि प्राण्याचा फोटो शेजारी ठेवायचे, पाय कुठे टेकलेत ते जुळवायचं. खांद्यापर्यंतची उंची पाच-सात सेंटिमीटरच्या फरकाने निघते. पिसोरी की भेकराचं पिल्लू हा वाद याने सुटतो. पिसोरी सशाएवढीच असते, अंगावर पांढरट पट्टे-ठिपके, शिंगं नरालाही नसतात. तुमच्या संशोधकाने काठीचे फोटो काढले नसतील तर त्याला पुढच्या खेपेला काढायला सांगा.

आता रिकामे फोटो. बाई, एकही काढू नका. सेरेंगेटीतल्या फोटोंपैकी साधारण तीन चतुर्थांश रिकामेच होते, त्यात तुमचं काही वेगळं नाही. कॅमेऱ्याला प्राणी दिसत नाही, त्याला उष्णतेतला हलता फरक जाणवतो. एप्रिलच्या दुपारी तापलेला दगड, त्याच्यापुढे डोलणारं गवत, एवढ्यावर तो शंभर फोटो काढतो. उलट त्याच दुपारी हवा आणि जनावर सारखंच तापलेलं असेल तर समोरून भेकर गेलं तरी गप्प बसतो. शिवाय काही ‘रिकामे’ फोटो खरे रिकामे नसतात. एकेक फोटो टक लावून बघण्यापेक्षा एकापाठोपाठ एक, बाणाची कळ दाबून पुढे-मागे करत बघायला सांगा. जे हलतं ते डोळ्याला लगेच सापडतं. कोपऱ्यातलं शेपटीचं टोक, झाडामागचा कान. तरुण डोळ्यांना हे माझ्यापेक्षा फार लवकर दिसतं, तिथे मी मुलांपुढे हात टेकलेत.

आणि जे खरोखर रिकामे आहेत त्यांचाही उपयोग आहे. आठ कॅमेरे चाळीस रात्री चालले तर ३२० कॅमेरा-रात्री होतात. पण एखाद्याची बॅटरी पंधराव्या रात्रीच बसली असेल तर २९५ च. हे कळणार कशावरून? त्याच्या शेवटच्या फोटोवरून, आणि तो बहुधा हलत्या गवताचाच असतो. तो काढून टाकलात तर पुढच्या पंचवीस रात्री ‘तिथे काहीच आलं नाही’ म्हणून मोजल्या जातील.

त्याउलट भरलेले फोटो कमी करून मोजायचे असतात. काजूची बोंडं पडली की रानडुकरांचा कळप एका झाडाखाली तासभर उकरत बसतो, दोनशे फोटो येतात. ती दोनशे डुकरं होत नाहीत. साधारण रीत अशी की त्याच ठिकाणी त्याच प्राण्याच्या दोन फोटोंत अर्ध्या तासाचं अंतर नसेल तर ती एकच भेट धरायची. हे मोजमाप मुलांनाच करू द्या, गणिताचे सर खूश होतील.

वेळेवरून आठवलं. माझ्या हातून एक अख्खा हंगाम गेला आहे, तो याच पायी. बॅटरी बदलल्यावर एका कॅमेऱ्याचं घड्याळ बारा तास मागे-पुढे लागलं, आणि मी बघितलंच नाही. दोन महिन्यांनी तक्ता केला तर रानकोंबडे रात्री दोनला फिरत होते आणि उदमांजरं भर दुपारी. मी आधी थोडा वेळ ‘वा, नवीनच काहीतरी’ म्हणून खूश झालो होतो, हेही कबूल करतो. सावल्यांकडे लक्ष गेल्यावर उतरलो जमिनीवर. तेव्हापासून कार्ड घालताना आणि काढताना मोबाईलवर तारीख-वेळ उघडून भिंगासमोर धरतो. तुमच्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या पहिल्या फोटोत असा मोबाईल आहे का ते आजच बघा. नसेल तर दिवस-रात्रीचे फोटो आणि छापलेली वेळ जुळते का, एवढं तरी मुलांकडून तपासून घ्या.

पुढचं मुलांना द्यायच्या आधी तुम्ही एकटीने करायचं काम. सगळे फोटो एकदा स्वतः चाळा आणि ज्यांत माणसं आहेत ते बाजूला काढून संशोधकाला परत द्या. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका, कोकम गोळा करणारी, शौचाला निघालेला म्हातारा, कुणाबरोबर तरी बोलत उभी असलेली मुलगी. त्यांच्यातली कुणी तुमच्या विद्यार्थिनीची आई असू शकते. कॉर्बेटच्या जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे आसपासच्या गावांतल्या बायकांच्या वावरण्यावर, बोलण्या-गाण्यावर कशी दडपणं आली, याचा अभ्यास केंब्रिजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. एका बाईचा तसला फोटो गावात पसरवलाही गेला होता. आपल्या वर्गातून तसं होता कामा नये. माणसं-गाड्या वेगळ्या काढायला आता मेगाडिटेक्टरसारखी संगणकाची साधनं आहेत, संशोधकाला त्यांतून फोटो चालवून मग द्यायला सांगा. रिकामे, प्राणी, माणूस, वाहन एवढी वर्गवारी ती बरी करतात. प्राण्याचं नेमकं नाव मात्र त्यांच्यावर सोडू नका. परदेशी फोटोंवर शिकवलेल्या एका साधनाने माझ्या भेकराला आमच्या रानात कधीच नसलेल्या हरणाचं नाव दिलं होतं.

खवले मांजर आलं तर त्याची जागा वर्गात सांगायची नाही, फोटो कुणाच्या मोबाईलवर जाऊ द्यायचा नाही. खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार होते. मुलं भाबडेपणाने मामाला दाखवतात, मामा कुणाला तरी. वाघाचंही तेच.

आणखी एक, मुलं ‘आपणच कॅमेरा लावू’ म्हणणार. शाळेच्या परसात लावा, मुंगूस तरी येईलच. भीमगड अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. कार्ड काढायला मुलांना एकट्याने पाठवू नका. अस्वलाची आणि गव्याची गाठ पडणारं रान आहे, मोठी माणसं दोघं मिळून, ऊन चढल्यावर जातात. जाता जाता, मुलांना एवढंही सांगा की भीमगडचा सगळ्यांत नावाजलेला रहिवासी या कॅमेऱ्यांत कधीच यायचा नाही. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं ते वटवाघूळ. १९१३ साली तिथल्याच नमुन्यावरून त्याचं शास्त्रीय वर्णन झालं.

आता तुमचा फोटो. तारखेवर मार्च, वेळ सकाळी सात वीस. कारवीच्या काड्यांमागून पिवळसर अंगाचं जनावर डावीकडून उजवीकडे जातंय, डोकं चौकटीबाहेर, पाठ आणि मागचे पाय दिसतात, अंगावर उभे काळे पट्टे. नऊ मुलं वाघ म्हणाली, दोघं बिबट्या, आणि एक मुलगी वासरू म्हणाली तर वर्ग तिला हसला, असं तुम्ही लिहिलंय.

वाघ अशक्य नाही. २०१८ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात टिपलेला एक नर पुढे दांडेली-अणशीच्या जंगलात, म्हणजे ‘काळी’ व्याघ्र प्रकल्पात सापडला होता, दोन्हीकडच्या फोटोंतले पट्टे जुळवून ते ठरलं. या दोन जंगलांच्या मध्ये आपलंच रान आहे. पण वाघाचे पट्टे अंगावर संपतात. तुमच्या फोटोत खाली बघा, मागच्या पायाशी. तेच काळे पट्टे पायावरून उतरून जमिनीवर गेलेत, आणि उजवीकडच्या ऐनाच्या खोडावरही तसेच तिरपे आहेत. ती कारवीची सावली आहे, कोवळ्या उन्हातली. शेपूट बारीक, टोकाला झुपका. खूर गवतात गेलेत, पण टाचेचा कोन गुरासारखा वाटतो. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा, आणि तिने वहीत ‘काय दिसतं’मध्ये काय लिहिलंय ते मला कळवा. तिने नेमकं काय बघितलं याची उत्सुकता आहे.

फक्त वासरू कुणाचं, ते मला या फोटोवरून सांगता येत नाही. गव्याचं लहान पिल्लूही असंच पिवळसर असतं, काळेपणा पुढे चढतो. तुमच्या कॅमेऱ्यावर एकावेळी तीन फोटो पडायची सोय दिसते. याच्या पुढचे दोन शोधा. जनावर पुढे सरकूनही पट्टे जागच्या जागी राहिले असतील तर वाघाचा वाद तिथेच मिटेल, वर्गासमोर उघडून दाखवा. आणि त्यानंतरच्या दहा मिनिटांतले सगळे फोटो मला पाठवा, रिकामे वाटले तरी. वासरामागून आई येतेच, तिच्या गळ्यात दावं आहे का ते बघू.